वयात न बसणाऱ्या बायका



आमच्यातल्या एकीनं गेल्या जूनमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, बी.ए.च्या पहिल्या वर्गात नाव घातलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट काही त्या एका कॉलेजची नाही. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तशी सगळी मुलं उभी राहिली. नवीन मॅडम आल्या असं त्यांना वाटलं. "अरे बसा, मीपण तुमच्याच वर्गात आहे," असं तिनं म्हटल्यावर थोडी खसखस पिकली. मग एक मुलगा पळत ऑफिसात गेला, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि दाराजवळ ठेवून म्हणाला, "आजी, इथं बसा. बाकावर पाय अवघडतील."

मुलगा गुणी, यात शंका नाही. पण खुर्चीपुढं डेस्क नव्हतं. दीड महिना तिनं मांडीवर वही ठेवून टिपणं घेतली. चार-चार जणांचे गट करून प्रकल्प करायचा ठरला, तेव्हा "आजींना कशाला त्रास" म्हणून तिचं नाव कुठल्याच गटात आलं नाही. वर्गाचा मोबाईलवरचा ग्रुप होता, त्यात तिला घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. अपमान कुणी केला म्हणावं तर नाही, उलट मान भरपूर. तिला मात्र बाक हवा होता.

हे ऐकून आम्ही बेलापुरातल्या पाच-सहा जणी संध्याकाळी ओट्यावर बसून त्या पोरांच्या नावानं बोटं मोडत होतो. तेव्हा तीच म्हणाली, "आपण काय केलं होतं, ते विसरलात वाटतं."

आठवलं. १९८७ चा हिवाळा. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या, कॉलेजातल्या. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे आपल्या एनएसएसचं, दहा दिवसांचं शिबिर प्रवरेकाठच्या एका खेड्यात होतं. सकाळी शोषखड्डे खणायचे आणि दुपारी घरोघर फिरून निरक्षरांची यादी करायची. एका घरी सासू-सुना भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सून तिशीची. तिचं नाव आम्ही लिहून घेतलं. तेवढ्यात सासू म्हणाली, "माझं बी लिहा की, बाई." आम्ही हसलो. फॉर्मवर वयाचा रकाना होता, १५ ते ३५. आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही वयात बसत नाही." तर म्हातारी म्हणते कशी, "मंग कशात बसते? तिरडीवर?"

त्या रात्री शेकोटीभोवती आजीची नक्कल झाली. कुणी केली ते सांगत नाही, पण हसलो सगळ्याच.

तेव्हा आजच्या बोलण्यात पोरांना दोष द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं. शिकायचं एक वय असतं आणि त्यापुढची बाई वर्गात शोभत नाही, हे त्यांच्या आणि आमच्या डोक्यात आलं कुठून, ते शोधायचं. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

आधी आमच्या हातातल्या त्या फॉर्मविषयी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. कॉलेजातल्या मुलांनी खेड्यात जावं, समाजाचं काम करावं हा हेतू. पुढे २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. पाच वर्षांत १० कोटी निरक्षरांना शिकवायचं ठरलं, पण कोणते निरक्षर? १५ ते ३५ वयाचे. १९८६ मध्ये विद्यार्थ्यांच्या हाती साक्षरतेचे संच देऊन एकानं एकाला शिकवायची मोहीम निघाली, आमचं शिबिर त्यातलंच. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, त्याचं लक्ष्य ८ कोटींचं. वय पुन्हा तेच, १५ ते ३५.

सरकारचा हिशेब समजण्यासारखा होता. पैसे थोडे, माणसं कोट्यवधी. ज्यांच्यापुढं कामाची वर्षं जास्त आहेत, ज्यांची मुलं अजून शाळेत जायची आहेत, त्यांना आधी घ्यावं. यात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण ही रेघ मिटली कधी पाहा. २००९ मध्ये साक्षर भारत योजना आली तेव्हा १५ वर्षांवरचे सगळे त्यात धरले गेले. म्हणजे १९७८ साली जी बाई ३६ वर्षांची होती, तिचा नंबर लागेपर्यंत ती ६७ वर्षांची झाली. एकतीस वर्षं! आपल्या आया-सासवा या एकतीस वर्षांतच म्हाताऱ्या झाल्या. ज्या हजारो मुलामुलींनी ते फॉर्म हातात घेऊन गावं पालथी घातली, त्यांना कुणी मुद्दाम न सांगताही पाठ झालं की पस्तिशीनंतरचं माणूस शिकवण्याच्या हिशेबात नसतं. तीच मुलं आज प्राध्यापक आहेत, आईबाप आहेत, रेडिओवर बोलणाऱ्या बायकाही आहेत.

पण ही रेघ सरकारनं पहिल्यांदा ओढली असं म्हणणं बरोबर नाही. त्याआधी शंभर-दीडशे वर्षं ती होतीच, फक्त पस्तिशीला नव्हती. बाईच्या बाबतीत ती लग्नाला होती. आठ-नऊ वर्षांची पोर बोहल्यावर चढली की तिचं शिकायचं वय संपलं. म्हणजे आज आपण ज्यांना पहिल्या शिकलेल्या बायका म्हणून हार घालतो, त्या बहुतेक सगळ्या त्या काळच्या मानानं वय उलटल्यावरच शिकल्या. हे आमच्याही आधी ध्यानात आलं नव्हतं.

सावित्रीबाई फुल्यांचंच घ्या. त्यांचं शिकणं लग्नानंतर जोतीरावांकडे सुरू झालं आणि शिक्षिकेचं शिक्षण त्यांनी घेतलं ते आपल्याच जिल्ह्याच्या गावी, नगरला, मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे. या फॅरारबाई अमेरिकन मिशनच्या. लग्न न केलेली बाई एवढ्या लांबून आली, जन्मभर मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात, पण त्यांच्या नावाची आठवण गावात किती जणींना असेल? असो. फुले पतिपत्नींनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी. ज्याला दिवसा वेळ नाही त्यानं रात्री यावं, असा साधा विचार. सोय बघितली, वय नाही.

रमाबाई रानडे १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून झालेला जाच सविस्तर लिहिला आहे. तो वाचताना आम्हाला एक वेगळंच वाटत राहिलं. इथं हसणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या म्हाताऱ्या आणि शिकणारी पोर. आमच्या गोष्टीच्या अगदी उलट. पण त्या म्हाताऱ्या का चिडत असतील? त्यांच्या डोळ्यांदेखत घरातली लहान सून जे शिकत होती, ते त्यांच्या वाटेला कधी येणार नव्हतं. आज बेलापुरात नात मोबाईल शिकवता शिकवता "अगं आजी, किती वेळा सांगू" म्हणून वैतागते आणि आजी "ठेव तो तिकडे" म्हणून फणकारते, तेव्हा त्या फणकाऱ्यात दीडशे वर्षांपूर्वीचं थोडं काहीतरी असतंच.

रमाबाईंचं मोठेपण पुढे दिसतं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, गोपाळ कृष्ण देवधरांच्या बरोबरीनं रमाबाई त्याच्या प्रमुख झाल्या. तिथं संसारातून वेळ काढून येणाऱ्या मोठ्या बायकांसाठी वर्ग होते. ज्या वयाच्या बायकांनी आपल्याला छळलं, त्याच वयाच्या बायकांसाठी त्यांनी दार उघडलं.

आता दोन बहिणींची गोष्ट, कारण ती आम्हाला सगळ्यात आवडली. देवरुखच्या जोशांच्या घरच्या या मुली. थोरली गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं, तेव्हा तिथं शिकायला आलेली पहिली विधवा ती. वय विशीच्या पुढचं. विशीच्या पुढच्या, केस काढलेल्या बाईनं पाटी घेऊन बसायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे झाली. तिचं आत्मचरित्र 'माझे पुराण' मिळालं तर जरूर वाचा. तोंडानं फटकळ बाई, वाचताना हसू येतं.

धाकटी पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा. विसाव्या वर्षाच्या सुमारास ती विधवा झाली, पदरात लहान मुलगा. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. पार्वतीबाई पंचविशी उलटल्यावर शिकल्या आणि मग त्याच आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. विशी-पंचविशीतल्या बाईनं मुळाक्षरांपासून सुरुवात करायची, ही हिंगण्यातली रोजची गोष्ट. तिला कुणी विशेष म्हणून वेगळ्या खुर्चीवर बसवत नसावं, कारण निम्म्याहून जास्त जणी तशाच!

पार्वतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं ही त्यांच्या मनातली सल होती. इथं प्रयत्न करून जमलं नाही, तेव्हा १९१८ मध्ये, ४८ वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाकपाणी करत भाषा शिकल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. 'माझी कहाणी' या पुस्तकात हे सगळं आहे. ४८ वर्षांची विधवा, परका देश, लोकांच्या घरची कामं, आणि कशासाठी तर इंग्रजी शिकायला. आमच्यातली एकजण म्हणाली, "आणि आपल्याला इंग्लिश मीडियमच्या नातवाचं पुस्तक उघडायची भीती वाटते."

इथंच एक आडवळणाचं बोलतो. कर्वे स्वतः ७८ वर्षांचे असताना, १९३६ मध्ये, खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून वर्गणीला फिरले. १९५८ मध्ये शंभरीला त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन ते गेले. त्यांच्या वयाचं सगळ्यांना कौतुक वाटलं, आणि वाटायलाच हवं. पुरुष म्हातारा झाला की अनुभवी होतो आणि बाई म्हातारी झाली की नुसती म्हातारी होते, एवढंच आम्हाला मधूनच वाटून गेलं.

आता आपल्या शेजारी येऊ. राहुरी आपल्याला काही लांब नाही. नगर आणि राहुरी इथं रेव्हरंड टिळकांचा संसार झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८ चा, शाळा म्हणावी अशी त्यांनी पाहिली नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आलं होतं. पन्नाशी उलटलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय स्वतः लिहून ते पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' छापायला लागली १९३४ मध्ये, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. शेवटचा भाग निघाला तो १९३६ मध्ये, त्या गेल्या त्या वर्षी. आज मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे पुस्तक टाळून पुढं जाता येत नाही. आणि हीच बाई आज कॉलेजात प्रवेश घ्यायला आली असती, तर तिलाही दाराजवळची खुर्ची मिळाली असती.

मग मोहिमांचा काळ आला. मुंबईत कुलसुम सयानी यांनी १९४० मध्ये 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं, नव्यानं वाचायला शिकलेल्यांसाठी, साध्या भाषेत. त्या कामात मदत करणारा त्यांचा लहान मुलगा पुढे सगळ्या देशाला आवाजानं माहीत झाला, अमीन सयानी. रेडिओवर बोलताना हे सांगायचा मोह आवरला नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर राज्यभर पसरली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, सडा-रांगोळी, मिरवणूक. उत्साह खरा होता. पण शिकल्यानंतर वाचायला काही हाताशी नसलं की आलेलं अक्षर जातं, हा धडाही तेव्हाच मिळाला.

या मोहिमांनी पुष्कळ दिलं, पण एक गोष्ट बदलली आणि ती आमच्या मते मोठी आहे. हिंगण्याला बाई विद्यार्थिनी म्हणून शिकली. मोहिमेत ती लाभार्थी झाली. शिकवणारी तरुण मंडळी एका बाजूला, मोठं माणूस दुसऱ्या बाजूला. विद्यार्थ्यानं मोठ्या माणसाला शिकवायचं, त्याच्याबरोबर शिकायचं नाही. आम्ही १९८७ मध्ये खेड्यात गेलो ते शिकवायला गेलो. त्या दहा दिवसांत त्या बायकांकडून काही घ्यावं असं एकदाही मनात आलं नाही.

घेणारे होते, नाही असं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी त्याच सुमारास खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ज्या बायकांना आपण निरक्षर म्हणून रकान्यात भरलं, आणि बहुतेकींना वयात बसत नाही म्हणून तेही नाही, त्यांच्या तोंडी एवढं होतं! आमच्या फॉर्ममध्ये "तुम्हाला काय येतं?" असा रकाना नव्हता.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. दहावी-बारावी झालेली नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला जाता येऊ लागलं. आपल्या भागातल्या कितीतरी अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीच्या सदस्या त्या वाटेनं पदवीपर्यंत गेल्या. त्याआधी बहुतेकींना ठाऊक असलेली वाट म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्यायची. मुक्त विद्यापीठानं बायकांचं फार भलं केलं. तरीही ते शिक्षण घरात बसून, पोस्टानं आलेल्या पुस्तकावर, रविवारच्या संपर्क वर्गावर. तरुण मुलांच्या शेजारी बसायची वेळ तिथं फारशी आलीच नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. पोथी स्वतः वाचता यावी, बँकेत अंगठा द्यावा लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. ते फोटो जगभर गेले. आम्हालाही ते पाहून भरून आलं होतं. पण ओट्यावरच्या त्या संध्याकाळी वाद झाला. एकीचं म्हणणं, आजींची शाळा वेगळी कशाला, लहान मुलांच्या शाळेत का नाही? दुसरी म्हणाली, "नातवंडांसमोर चुकायची लाज वाटते गं. आपल्या वयाच्या जणी असल्या की चुकायला भीती नाही." दोघींचंही खरं. आमचं एकमत काही झालं नाही.

दूर केनिया देशात दुसऱ्या पद्धतीनं झालं. २००३ मध्ये तिथं प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि जानेवारी २००४ मध्ये किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेशाची अर्धी चड्डी घालून पहिलीच्या वर्गात, सहा-सात वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसले. त्यांना बायबल स्वतः वाचायचं होतं. आपल्या आजींची पोथी आणि त्यांचं बायबल, ओढ एकच. आणि केरळच्या कार्त्यायनी अम्मा तर २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत शंभरात ९८ गुण मिळवून पहिल्या आल्या.

वयावरून माणसाला बाजूला सारण्याला रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्ये 'एजिझम' असं नाव दिलं. आपण वयभेद म्हणू. आपल्याकडे तो ओळखणं अवघड जातं, कारण तो पाया पडत येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही कॉलेजातल्या दहा-बारा मुलामुलींशी बोललो. नावं घेणार नाही असं कबूल केलं, मग ती मोकळी बोलली. एक मुलगा म्हणाला, "काकू वर्गात असल्या की शिव्या देता येत नाहीत." एक मुलगी म्हणाली, "त्या सरांच्या बाजूनं बोलतील असं वाटतं." कुणी म्हणालं, "या वयात डिग्री घेऊन नोकरी थोडीच लागणार, एक जागा अडते." त्यावर दुसरीनं विचारलं, "आपल्याला तरी लागणार आहे का?" सगळे हसले, पण ते हसू जरा वेगळं होतं. एक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. निघताना म्हणाली, "माझी आई बेचाळीसची आहे. दहावीला गणितात राहिली. ती माझ्या वर्गात येऊन बसली तर मला लाज वाटेल. का वाटेल, ते मला सांगता येत नाही." आम्ही तिला काही उत्तर दिलं नाही. आमच्याकडेही नव्हतं.

खुर्चीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये वर्गात 'स्मृतिचित्रे'तला एक उतारा शिकवायला निघाला. सोवळं, माजघर, परसू, उष्टी काढणं, असल्या शब्दांना मुलं अडखळायला लागली. तास संपल्यावर एक मुलगी खुर्चीपाशी आली, मग दुसरी, मग प्रकल्पाचा एक अख्खा गट. सोवळं म्हणजे काय हे सांगता सांगता आमच्या मैत्रिणीनं आपल्या सासूबाईंच्या सोवळ्याचे किस्से सांगितले, पोरी हसून लोळल्या. बदल्यात त्यांनी तिला मोबाईलवर परीक्षेचा फॉर्म भरायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तर तिसऱ्या बाकावरच्या एकीनं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि म्हणाली, "काकू, इकडं या ना, जागा आहे." आजीची काकू झाली. खुर्ची परत ऑफिसात गेली. पाय अवघडतात, ते खरंच अवघडतात, पण ती सांगत नाही.

आता उल्लास म्हणून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. १५ वर्षांच्या पुढं कितीही वय चालतं. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. यंदा यादीच्या कामाला हात लावायला आम्ही गेलो ते मुद्दाम त्याच प्रवरेकाठच्या खेड्यात. त्या वर्गातल्या तीन मुली आमच्याबरोबर होत्या.

शेंगा फोडणाऱ्या आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. सून घरात होती. आता ६८ ची. १९८७ मध्ये आम्ही तिचं नाव लिहिलं होतं आणि ती चार महिने वर्गालाही आली होती, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं आठवत होतं. पुढं ऊसतोड, बाळंतपणं, घरातली आजारपणं. आता सही तेवढी येते, बाकी गेलं. आम्ही फॉर्म काढला आणि सवयीनं वयाच्या रकान्यावर पेन टेकवलं. तोवर आमच्याबरोबरची मुलगी तिच्याजवळ ओट्यावर बसलीसुद्धा होती. तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाचता यायला हवंय?"

बाई आधी म्हणाली, "काई न्हाई आता." मग पदरानं हात पुसत उठली, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली.